२६ मिनिटे आणि एका मात्रेचा दम

माझ्या भाच्याच्या बँडचा पहिला अल्बम पुरा झाला. आठ गाणी आणि एकूण २६ मिनिटे, एवढाच त्याचा पसारा आहे. गेल्या सोमवारी मंगेशीची पालखी आटोपून मी घरी परतलो तेव्हा तो सोप्यावर बसून माझी वाट पाहत होता. काही न बोलता त्याने हेडफोन माझ्या हातात दिले, मी आतल्या खोलीत जाऊन बसलो, आणि शेवटचे गाणे संपून मी बाहेर येईपर्यंत तो जागचा हलला नव्हता. बँडचे आणि अल्बमचे नाव मी इथे लिहीत नाही. अल्बम अजून प्रसिद्ध व्हायचा आहे आणि ते नाव पहिल्यांदा चारचौघांत उच्चारण्याचा मान त्या चार मुलांचा आहे, माझा नव्हे. परंतु त्या २६ मिनिटांविषयी, आणि ती समजून घेताना माझ्या स्वतःच्या विद्येविषयी मला जे उमगले त्याविषयी, लिहिल्यावाचून मला राहवत नाही.

या संगीताला ब्रूटल स्लॅम डेथ मेटल म्हणतात. ज्यांनी ते कधी ऐकले नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गिटारी नेहमीच्या पट्टीपेक्षा पुष्कळ खाली उतरवलेल्या असतात, गायक शब्द गात नाही तर छातीच्या तळातून घुमवत बाहेर काढतो, ड्रम कानठळ्या बसतील अशा वेगाने चाललेले असतात, आणि मग अचानक तो सगळा वेग मोडून एक जड, लचकत चालणारा, संथ ठेका सुरू होतो. या संथ भागालाच स्लॅम म्हणतात. बाहेरच्या माणसाला या संगीतातला वेग आणि गोंगाट तेवढा ऐकू येतो. आतल्या माणसाचे सगळे लक्ष त्या संथ ठेक्याकडे लागलेले असते.

मी चाळीस वर्षे भजनाला तबला आणि पखवाज वाजवत आलो आहे. अंत्रुज महालातल्या, म्हणजे गोव्यातल्या फोंडा भागातल्या, बहुतेक देवळांत कधी ना कधी साथीला बसलो आहे. भाचा सातव्या वर्षापासून माझ्याकडे तबला शिकला. त्याचा हात चांगला होता, लय पक्की होती, आणि पंधराव्या वर्षी तो ड्रमकडे वळला तेव्हा मला वाईट वाटले. ते मी लपवले नाही, आणि जवळजवळ वर्षभर आम्ही या विषयावर एकमेकांशी बोललो नाही. मग एका चवथीला, आरत्या संपून घुमटे, म्हणजे मडक्याच्या तोंडावर कातडे ताणून केलेली वाद्ये, भिंतीशी ठेवली गेल्यावर, त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, “मामा, गाणे ऐकू नकोस. नुसता ठेका ऐक.” त्याने गाणे ऐक म्हटले असते तर मी मान फिरवली असती. ठेका ऐक म्हणणारा माझा विद्यार्थी होता, आणि विद्यार्थ्याने ठेक्याकडे बोट दाखवल्यावर गुरूला कान बंद करता येत नाहीत.

त्याने ऐकवले होते ते सफोकेशन या बँडचे गाणे. पुढे मी त्याच्याकडून आणि स्वतःही शोधून हा इतिहास समजून घेतला. डेथ मेटल अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या मध्यावर आकाराला आले. फ्लोरिडातल्या डेथ या बँडचा पहिला अल्बम १९८७चा, बफेलोच्या कॅनिबल कॉर्प्सचा १९९०चा. सफोकेशन हे न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचे. १९९१ साली त्यांचा ‘एफिजी ऑफ द फरगॉटन’ हा पहिला अल्बम आला, आणि तो ध्वनिमुद्रित करण्यासाठी ते फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरी, मॉरिसाउंड स्टुडिओत गेले होते, कारण त्या काळी या संगीताची जाण असलेला तंत्रज्ञ म्हणजे स्कॉट बर्न्स, आणि तो तिथे काम करीत असे. त्या अल्बममधल्या ‘लीज ऑफ इनव्हेरॅसिटी’ या गाण्यात एका जागी वेग कोसळतो आणि गिटारी संथ, तुटक, झुलत्या चालीवर येतात. ज्याला पुढे स्लॅम म्हटले जाऊ लागले त्याचे मूळ जाणकार तिथे दाखवतात. नाव आले ते ऐकणाऱ्यांच्या अंगावरून: पंक आणि हार्डकोरच्या मैफलींत श्रोते एकमेकांवर आदळत नाचत, त्याला स्लॅम म्हणत, आणि हा ठेका सुरू झाला की डेथ मेटलचे श्रोतेही तसेच आदळू लागत.

सफोकेशनने जी गोष्ट गाण्यात एका जागी केली ती पुढच्या मंडळींनी गाण्याचा कणा केली. न्यूयॉर्कच्या पायरेक्सियाचा पहिला अल्बम १९९३ साली आला, लाँग आयलंडच्याच इंटर्नल ब्लीडिंगचा १९९५ साली, आणि टेक्सासमधल्या डॅलसच्या डेव्हरमेंटने १९९९ साली आपल्या पहिल्या अल्बममध्ये स्लॅमलाच सिंहासनावर बसवले. मला यात एक गोष्ट लक्षणीय वाटते. या परंपरेतली प्रत्येक नवी वाट कोणाच्या तरी पहिल्या अल्बमने पाडली आहे. आपल्याकडे पहिल्या बैठकीत गुरूची छाप दिसावी अशी अपेक्षा असते, स्वतःचा रंग मागाहून चढतो. इथे मात्र पंचविशीच्या आतली मुले पहिल्याच खेपेला आपले सर्वस्व ओतून मोकळी होतात. मुंबईच्या गटस्लिट या बँडची गोष्ट आमच्या मुलांच्या तोंडी सतत असते: २००७ साली बँड सुरू झाला आणि पहिला अल्बम २०१३ साली आला. मधली सहा वर्षे ही त्यांना आपल्या चिकाटीची साक्ष वाटते. आमच्या मुलांना पाच वर्षे लागली.

आता त्या ठेक्याविषयी. चवथीच्या त्या संध्याकाळी मला काय ऐकू आले ते सांगितल्याशिवाय पुढचे काहीच पटणार नाही. भजनात बुवा अभंगाचा शेवटचा चरण घोळवू लागले की तबलजी लग्गी, म्हणजे ठेक्याचे जलद, खेळते वादन, धरतो. बोटे सुटतात, टाळ दुप्पट होतात, मंडळी उभी राहते, आणि लग्गी अशी चढत जाते की आता ती हाताबाहेर जाणार असे वाटू लागते. मग समेवर लग्गी मोडते आणि भजनी ठेका पुन्हा सरळ होतो. त्या क्षणी बसलेली सगळी माणसे एकाच बाजूला झुकतात. ते झुकणे मी चाळीस वर्षे माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे आणि त्याच्यासाठीच मी वाजवत आलो आहे. लग्गी लोकांना आवडते. परंतु लोक डोलतात ते ठेका परत आल्यावर. मोबाइलमधल्या त्या गाण्यात वेग कोसळून संथ चाल आली तेव्हा माझी मान आपोआप झुकली, आणि भाच्याने ते पाहिले.

याचे अंकगणित सोपे आहे, साधायला मात्र फार कठीण. वेगाच्या भागाला ब्लास्ट म्हणतात. अल्बमच्या तिसऱ्या गाण्यात मिनिटाला २२० मात्रा आहेत आणि पायातल्या दोन पेडलांवर प्रत्येक मात्रेत चार घाव, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १५. स्लॅम येतो तेव्हा मात्रा तीच राहते, परंतु ठेका दुपटीने पसरतो, ज्याला आम्ही ठाय म्हणू. स्नेअरचा, म्हणजे हाताने वाजवायच्या कडक आवाजाच्या ड्रमचा, घाव चारातल्या तिसऱ्याच मात्रेवर एकटा पडतो आणि मिनिटाला ११० मात्रा चालल्यासारखे वाटते. या मोकळ्या झालेल्या जागेत गिटार आपले तुटक बोल टाकते, कधी मात्रेच्या अलीकडे, कधी पलीकडे, आणि स्नेअर मात्र आपल्या घरातून हलत नाही. वेगात चूक झाली तर ती वेगाबरोबर वाहून जाते. ठाय लयीत केसभर पुढे पडलेला घाव सगळ्यांना ऐकू येतो. भाच्याला ब्लास्ट सहा महिन्यांत बसला. स्लॅम बसायला तीन वर्षे लागली, आणि या तीन वर्षांत तो पुन्हा माझ्याकडे शिकायला येऊ लागला. मी त्याला नवे काहीच शिकवले नाही. विलंबित एकतालाचा ठेका तासन्‌तास धरायला लावला, एवढेच.

पर्वत गावचे खाप्रुमामा पर्वतकर, ज्यांना लयभास्कर म्हणून ओळखतात, ते दोन हातांनी आणि दोन पायांनी एकाच वेळी निरनिराळे ताल धरीत, असे आमचे गुरुजी सांगायचे. लहानपणी मला ती गोष्ट पुराणातल्या चमत्कारासारखी वाटे. भाचा ड्रमवर बसतो तेव्हा उजवा हात झांजेवर, डावा स्नेअरवर, दोन्ही पाय पेडलांवर, आणि चौघांची कामे वेगवेगळी असतात. खाप्रुमामांच्या पंगतीला मी त्याला बसवत नाही; ती विद्या फार वरची होती. पण चार अवयवांनी लय विभागून घेण्याचे वेड आमच्या या भूमीत नवे नाही, आणि हे वेड आमच्या घरात परत आले याचा मला आनंद आहे.

ध्वनिमुद्रण झाले ते आमच्या जुन्या काजूच्या भट्टीला लागून असलेल्या खोलीत, गेल्या पावसाळ्यात. पावसाळा मुद्दाम निवडला नव्हता. चौघांपैकी तिघे नोकरी करतात आणि सुट्ट्या तेव्हाच जुळल्या. भिंतींना कापसाच्या गाद्या टेकवल्या, खिडकीला गोणपाटे लावली. विजेचा भरवसा नव्हता म्हणून दर गाण्याच्या आधी कोणीतरी अंगणात जाऊन आभाळ पाहून येई. माझा तबला त्या दिवसांत रोज उतरत होता, पुडी ओल धरत होती. भाच्याच्या ड्रमची पाने प्लास्टिकची असल्याने त्यांना ओल लागत नव्हती, मात्र स्टँडच्या नटांना गंज चढे आणि तो रोज सकाळी खोबरेल तेलाचे बोट फिरवून ते पुसून ठेवी.

स्नेअर लावताना मी त्याच्याशेजारी बसलो होतो. १४ इंचांचा ड्रम, कडेला दहा बोल्ट. एक किल्ली घेऊन तो समोरासमोरचे दोन बोल्ट पाव फेरा आवळी, काठीच्या टोकाने प्रत्येक बोल्टाजवळ हलके टकटक करी, कान जवळ नेई, पुन्हा आवळी. मी तबल्याच्या गट्ट्यांवर हातोडी मारून किनार सोळा घरांत फिरवून पाहतो, तेच हे. या संगीतात स्नेअर इतका ताणतात की त्यातून लोहाराच्या ऐरणीवरच्या हातोड्यासारखा टणत्कार निघतो. खालच्या गिटारींच्या चिखलातून तेवढाच एक आवाज धारदार वर यावा, हा त्यामागचा हेतू असतो. गिटारींची सर्वांत जाड तार नेहमीच्या ८२ हर्ट्झवरून ५५ पर्यंत उतरवलेली असते, आणि तिथे बास ड्रमही वावरत असतो, म्हणून त्याच्या पोटात उशी ठेवून त्याचा घुमारा आवरावा लागतो. पखवाजाच्या धुम्याला मी कणीक लावतो, ती कमी-जास्त करून घुमारा बसवतो. उशी कुठे सरकवायची हे मी त्याला सांगितले, आणि त्या अल्बममध्ये माझ्या हाताचे काही असेल तर ती उशी. गिटारवाला तळहाताची कड तारांवर दाबून स्वर मारतो, तेही मला ओळखीचे वाटले: घुमट वाजवणारा डाव्या हाताने मडक्याचे उघडे तोंड झाकून नाद असाच दाबतो आणि सोडतो.

गायकाविषयी लोक मला सर्वांत जास्त विचारतात, आणि विचारताना त्यांच्या चेहऱ्यावर काळजी असते की या मुलाचा गळा फाटेल. हा मुलगा बँकेत कारकून आहे, बोलायला अत्यंत हळू. तो जो आवाज काढतो तो नुसत्या खऱ्या स्वरतंतूंवर जोर देऊन निघत नाही. त्यांच्या वर ज्या घड्या असतात, ज्यांना खोटे स्वरतंतू म्हणतात, त्या जवळ आणून त्यांना कंप देतात आणि दाब पोटाच्या पडद्यावरून येतो. सुरुवातीला तो श्वास आत ओढताना आवाज काढत असे, त्याने गळा कोरडा पडून दुखू लागला, तेव्हा ती रीत त्याने सोडली आणि श्वास बाहेर सोडत आवाज काढण्याची रीत दोन वर्षे घोटली. आमच्या लहानपणी पहाटे उठून खर्ज भरायला लावत. जमिनीवर मांडी घालून, तंबोरा लावून, खालचा षड्ज धरून बसायचे, आवाज जितका खाली जाईल तितका न्यायचा आणि तिथे थांबायचे. हा मुलगा ऑफिसला जाण्यापूर्वी सकाळी साडेपाचला नेमके तेच करतो, फक्त तंबोरा नसतो. सफोकेशनचा गायक फ्रँक मलन गाताना एका हाताने हवेत सपासप कापल्यासारखी लय दाखवायचा, आणि ती त्याची ओळखच झाली होती. मी ते चित्रीकरण पाहिले तेव्हा मला मैफलीत पुढे बसून मांडीवर ताल मोजणारे आमचे जुने जाणकार आठवले.

शब्दांचा प्रश्न मी टाळणार नाही. या संगीतातले शब्द रक्ताचे, चिरफाडीचे, सडलेल्या देहाचे असतात, आणि पहिल्यांदा ते वाचून माझ्या बहिणीने दोन दिवस मुलाशी अबोला धरला होता. माझे मत असे की भीषणाला कलेत जागा आहे आणि ती आपण फार पूर्वी दिली आहे. भरतमुनींनी सांगितलेल्या आठ रसांत बीभत्स आहे, जुगुप्सा हा त्याचा स्थायीभाव, महाकाल ही त्याची देवता, निळा हा त्याचा वर्ण. आमच्यापासून हाकेच्या अंतरावर वेलिंगला लक्ष्मीनृसिंहाचे देऊळ आहे. उंबरठ्यावर बसून हिरण्यकशिपूचे पोट फाडणारा आणि त्याच्या आतड्यांची माळ गळ्यात घालणारा तो देव कीर्तनात आम्ही मुलाबाळांसह हात जोडून ऐकतो. परंतु या परंपरेचा एक भाग असाही आहे जिथे ही सगळी चिरफाड बाईच्या देहावर होते, निव्वळ चेव म्हणून, आणि काही नावाजलेले अल्बमही त्याला अपवाद नाहीत. त्या शब्दांचे समर्थन मला करता येत नाही आणि मी ते करणारही नाही. चालीत कितीही कसब असले तरी ते शब्द हलके आहेत. आमच्या मुलांनी ते लिहिले नाहीत. त्यांच्यात यावर वाद झाला, एकाचे म्हणणे होते की शब्द कोणाला कळतच नाहीत तर काय फरक पडतो, आणि त्यावर बासवाल्याने, जो लहानपणी चर्चच्या पाठशाळेत सोल्फा, म्हणजे पाश्चात्त्य सरगम, शिकला आहे, सांगितले की गाणाऱ्याला तर कळतात.

पाचवे गाणे मराठीत आहे, आणि ते गिटारवाल्याने लिहिले आहे. त्याचे वडील एका कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर होते. उत्पादन वाढावे म्हणून यंत्राची संरक्षक जाळी काढून ठेवलेली होती, अकरा वर्षांपूर्वी एके दिवशी त्यांची उजव्या हाताची दोन बोटे गेली, आणि कागदावर कामगाराचा निष्काळजीपणा असे लिहिले गेले. गाण्याची पहिली ओळ होती, “यंत्राला भूक लागते सहाच्या पाळीला.” पुढे हाड, तेल, पत्रा, रक्त, सगळे आहे, आणि काहीही वाढवून सांगितलेले नाही. ध्वनिमुद्रण झाल्यावर एका रविवारी ते गृहस्थ भट्टीवर आले. त्यांनी गाणे ऐकण्याआधी शब्द मागितले. मुलाने कागद दिला. दाराशी उजेड होता तिथे उभे राहून, उरलेल्या बोटांत कागद धरून त्यांनी तो सावकाश वाचला, पुन्हा वरून वाचला, आणि म्हणाले, “सहाची नव्हे. दोनची पाळी होती.” बाकी काही बोलले नाहीत. त्यांनी चहा घेतला आणि गेले.

गायकाने ती ओळ त्याच दुपारी पुन्हा घेतली. सहाच्या जागी दोनच्या. हा आवाज असा असतो की ऐकणाऱ्याला सहा की दोन हे कधीही कळणार नाही. तरी त्या एका अक्षरासाठी गाद्या पुन्हा भिंतीला लागल्या, माइक पुन्हा उभा राहिला आणि मुलाने ती ओळ चौदा वेळा घेतली. त्या दिवसापासून या अल्बमविषयी मला कोणी काही विचारले तर मी हेच सांगतो.

प्रसिद्धीच्या कार्यक्रमासाठी एका सभागृहाने तारीख दिली होती, आगाऊ रक्कमही घेतली होती. मग कोणीतरी तिथल्या माणसांना गाण्यांची नावे वाचून दाखवली आणि तारीख काढून घेण्यात आली. मुलांना त्याचे फार लागले, मलाही लागले, कारण गाणी कोणी ऐकली नव्हती. आता भट्टीच्या अंगणातच मंडप घालायचे ठरले आहे.

आणखी एक गोष्ट. मुलांनी मला अल्बमच्या सुरुवातीला घुमट वाजवण्याचा आग्रह केला होता. २०१९ साली सरकारने घुमटाला गोव्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला, घोरपडीचे कातडे कायद्याने बंद झाल्यावर आता बकऱ्याच्या कातड्यावर ते टिकून आहे, आणि आपल्या मातीची खूण अल्बमवर असावी, अशी त्यांची इच्छा होती. मी नाही म्हटले. घुमटाचे काम आरतीत आहे, सुवारीत, म्हणजे घुमटांच्या सामूहिक वादनात, आहे, जिथे तो ठेका धरतो. दाराला तोरण लावल्यासारखे अर्धा मिनिट घुमट वाजवायचा आणि मग त्याला बाहेर बसवून ठेवायचे, हा त्या वाद्याचा मान नव्हे. मातीची खूण असलीच तर त्या मुलाच्या हातात आहे; विलंबित एकताल धरलेला हात स्लॅम वाजवताना लपत नाही.

मात्र एक सूचना मी केली आणि ती त्यांनी घेतली. पाचव्या गाण्यात पहिल्या ओळीनंतर ब्लास्ट येतो आणि त्यानंतर अल्बममधला सर्वांत जड स्लॅम. मूळ रचनेत एक दुसऱ्याला लागूनच होता. मी भाच्याला म्हटले, तुला तिहाया शिकवल्या त्यात दमदार तिहाई कोणती आणि बेदम कोणती? (एकच बोल तीनदा वाजवून समेवर येणे म्हणजे तिहाई; मध्ये थांबा असला तर ती दमदार, नसला तर बेदम.) तो हसला आणि त्याने ब्लास्ट आणि स्लॅम यांच्यामध्ये एका मात्रेचा दम सोडला. सगळी वाद्ये एकदम थांबतात, एक मात्रा पूर्ण मोकळी जाते, आणि मग स्नेअर पडतो.

ती जागा साधायला त्याला दोन दिवस लागले, कारण मेट्रोनोमचा, म्हणजे लय मोजून देणाऱ्या यंत्राचा, आवाज कानात नको असा त्याचा हट्ट होता. हल्ली प्रत्येक घाव संगणकाच्या पडद्यावर उचलून नेमका रेषेवर नेऊन ठेवता येतो, आणि या प्रकारच्या अनेक अल्बमांत तसे करतात. घाव इतके सारखे होतात की माणूस वाजवतो आहे की यंत्र, हे कळेनासे होते. बाकीच्या गाण्यांत त्याने थोडे फार ते करू दिले. पाचव्यात त्याने एकही घाव हलवू दिला नाही. यंत्राविषयीचे गाणे यंत्राकडून सरळ करून घ्यायचे नाही, असे त्याचे म्हणणे होते, आणि मला ते पटले.

मिश्रण करणाऱ्या तंत्रज्ञाने पहिला मसुदा पाठवला तेव्हा ती मात्रा निखळ शांत होती. झांजांवर टांगलेल्या माइकमध्ये जे काही आले होते ते त्याने तिथे कापून टाकले होते, आणि तंत्राच्या दृष्टीने त्याचे बरोबरच होते. भाच्याने मूळ मुद्रण मागवून मला ऐकवले. ब्लास्ट थांबतो, आणि त्या रिकाम्या मात्रेत, अगदी पुसट, तो श्वास आत घेताना ऐकू येतो. काठी वर गेलेली असते, अजून पडलेली नसते. “हे ठेवायचे?” असे त्याने मला विचारले. मी म्हटले, दम म्हणजे तोच. सोमवारी रात्री हेडफोन लावून मी आतल्या खोलीत बसलो तेव्हा पाचव्या गाण्याला तो तिथे होता, त्याच्या जागी, आणि पुढच्या मात्रेवर स्नेअर पडला.